वरचं शेत

"अरुणकाका, ह्या फोटोतली आजी पुढच्या फोटोत कुठे गेली?"

पैज अंतराची होती. अंतरा म्हणजे अरुणकाकांचीच मुलगी, पण बापाला काही विचारायचं झालं की तिला दुसऱ्याचं तोंड लागे. आदल्या आठवड्यात तिनेच बापाची स्लाइड्सची फाइल लॅपटॉपवर उघडून आपल्या दोस्तांना, उर्वीला आणि कुशला, दाखवली होती. पहिल्या फोटोत डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं होती आणि सगळ्यात वरच्या खाचरात एक म्हातारी वाकून उभी होती, डोक्यावर टोपली पालथी घातल्यासारखी बांबूची टोपी. पुढच्या फोटोत तोच डोंगर, तेच नारळाचं झाड, आभाळात ढगसुद्धा तोच. खाचराच्या जागी मात्र निळाशार स्विमिंग पूल आणि म्हातारीच्या जागी पांढरी आरामखुर्ची.

"आजी बुडाली यार," कुश म्हणाला होता, आणि तिघंही हसून हसून कार्पेटवर लोळले होते. रविवारी सगळ्यांसमोर बाबांना हे विचारून दाखवणाऱ्याला मोठा बोबा टी, तो साबुदाण्यासारख्या गोळ्यांचा थंड चहा, एक्स्ट्रा पर्ल्ससकट, असं अंतराने तिथेच जाहीर करून टाकलं.

तर उर्वीने विचारलं. टेक्सासमधल्या प्लेनोत, अरुणकाकांच्या घराच्या मीडिया रूममध्ये, पाच कुटुंबांसमोर, हातात मिसळीची कागदी वाटी धरून.

मागच्या वर्षीची उर्वी असती तर तिने अशा वेळी आईच्या मागे लपून फरसाण खाल्लं असतं. पण मधल्या काळात तिच्या दातांच्या तारा निघाल्या होत्या, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा ड्रायव्हिंगचं लायसन्स मिळालं होतं, आणि शाळेच्या डिबेट टीममध्ये समोरच्याला घाम फोडणारी म्हणून तिचं नाव झालं होतं. हायवेवर अठराचाकी ट्रकच्या शेजारून गाडी काढली की आयुष्यात कोणालाच घाबरायचं कारण उरत नाही, असं तिचं हल्ली मत होतं.

अरुणकाकांनी लेझर पॉइंटरचा लाल ठिपका म्हातारीवर आणला, मग आरामखुर्चीवर नेला. "आजी लंच ब्रेकला गेली बेटा," ते म्हणाले. खोलीत हशा पिकला. अंतराची आई, शोभनाकाकू म्हणाल्या, "अगं, तीच तर आतमध्ये आपल्यासाठी चहा करतेय." आणखी हशा. कुशने मागच्या रिक्लायनरमधून अंगठा वर केला. बोबा पक्का झाला होता. उर्वीने खाली बसायला हरकत नव्हती.

ती बसली नाही.

"आणि पाणी? वरच्या शेतात पूल झाला तर खालच्या शेतांना पाणी कुठून जाणार?"

हा प्रश्न पैजेत नव्हता. अंतराने मान वर केली.

"पाईप टाकणार आहोत ना," अरुणकाका म्हणाले. "अंडरग्राउंड. सगळं प्लॅनमध्ये आहे."

"कुठल्या स्लाइडमध्ये?"

"उर्वी," तिचे बाबा म्हणाले. बाबांचा आवाज कधी चढत नसे. तो नुसता खाली उतरे, आणि तेवढं पुरे. "बस खाली."

उर्वी बसली. मिसळीचा कट तिच्या नव्या पांढऱ्या टॉपवर सांडला होता, हे तिला तेव्हा कुठे दिसलं.

त्या स्लाइड्सचं नाव होतं 'आपलं गाव'. आपलं गाव बालीत होतं. दोन वर्षांपूर्वी अरुणकाकांच्या डोक्यात ही कल्पना आली. पाच घरांनी मिळून इंडोनेशियातल्या एका छोट्या खेड्यात जमीन घ्यायची, तिच्यावर व्हिला बांधायचा, वर्षातून दोन आठवडे आपण राहायचं, बाकी वर्षभर टुरिस्ट. परदेशी माणसाला तिथे जमिनीची मालकी मिळत नाही, म्हणून पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा. प्रत्येक घरातून एकाचं नाव त्यात घालायचं ठरलं होतं आणि उर्वीच्या घरातून नाव पडलं उर्वीचं. गुरुवारी ती अठरा वर्षांची होणार होती, शनिवारी अरुणकाकांकडे नोटरी येणार होता. "पोरीच्या नावावर कुठेतरी जमिनीचा तुकडा असावा," बाबा म्हणाले होते. पाचांपैकी एक जरी घर बाहेर पडलं तरी गणित बसत नव्हतं. हे अरुणकाका दर पॉटलकला, म्हणजे पाच घरांच्या मिळूनच्या जेवणाला सांगत, म्हणजे कोणी बाहेर पडण्याचं धाडस करू नये.

खरं सांगायचं तर उर्वीलाही तो व्हिला आवडला होता. ड्रॉइंगमध्ये तिने स्वतःची खोलीही निवडून ठेवली होती, उघड्या आकाशाखाली बाथरूम असलेली. मग डिसेंबरच्या सुट्टीत पाचही घरं जागा बघायला गेली, आणि उर्वीची चप्पल पाण्यात पडली.

मोठी मंडळी वरच्या शेताच्या मालकाशी बोलत उभी होती. उर्वी सेल्फीसाठी बांधावर मागे मागे सरकत गेली आणि तिचा एक पाय थेट पाण्याच्या चारीत गेला. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. ती खालच्या शेतात गेली, तिथून त्याच्याही खालच्या. एका मुलीने ती तिथे पकडली आणि चिखलातून वर आणून दिली. "गुड आफ्टरनून, मॅडम. युवर सॅन्डल," ती म्हणाली. तिचं नाव कादेक, वय सतरा, आणि इंग्रजी सगळं हॉटेल मॅनेजमेंटच्या क्लासमधलं. फोटोतली म्हातारी ही कादेकची दादोंग, म्हणजे आजी. वरचं शेत कादेकच्या काकाचं. आजी तिथे मदतीला जायची, तिचं स्वतःचं कसायचं शेत त्याच्याच खाली होतं.

त्याच दिवशी बाबा त्या चारीच्या तोंडाशी किती वेळ उकिडवे बसून होते. तिथे नारळाचा एक आडवा ओंडका होता आणि त्यात खाचा कोरलेल्या होत्या, कुठे रुंद, कुठे अरुंद. ज्याचं शेत मोठं त्याची खाच रुंद. पाणी येई आणि आपलं आपण वाटलं जाई, भांडण नको, कुलूप नको. "काय डोकं आहे ह्या लोकांचं," बाबा म्हणाले होते. त्यांनी उर्वीला हाताला धरून बसवलं आणि तो ओंडका समजावून दिला. त्यांना इतकं खूश तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

पॉटलकनंतर वरच्या खोलीत अंतरा तिच्यावर उखडली.

"आजीवाला जोक होता. पाण्याचं काय मध्येच? डॅडचा चेहरा बघितलास?"

"तूच म्हणालीस विचार."

"एक प्रश्न विचार म्हणाले. तू डिबेट केलंस."

"पण उत्तर कुठे मिळालं?" कुश म्हणाला. तो अंतराच्या पलंगावर आडवा पडून छताशी बोलत होता. "काका म्हणाले पाईप. पाईप इज नॉट ॲन आन्सर, पाईप इज अ पाईप."

"तू गप्प रे. तुझे पेरेंट्सपण आहेत त्यात."

"म्हणून तर मी विचारलं नाही," कुश म्हणाला. त्याचं हे बरं होतं, तो स्वतःचा भित्रेपणा कधी लपवत नसे.

उर्वीने फोन काढून दोघांना कादेकचे मेसेज दाखवले. पहिल्याच मेसेजमध्ये कादेकने लिहिलं होतं की व्हिला झाला तर तिला रिसेप्शनवर नोकरी हवी आहे, चिखलाचा तिला मनापासून कंटाळा आहे. काकाचंही चुकत नव्हतं, त्याच्या मुलाला क्रूझवर नोकरीला जायचं होतं आणि एजंट फुकट नेत नाही. पण गावातल्या पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची जी मंडळी होती, तिच्या बैठकीत दोनदा भांडण झालं होतं. ओंडका वरच्या शेताच्या कडेला. शेत बुजवलं तर ओंडकाही जाणार. बांधकामाच्या माणसाने पाईप दाखवला होता, पण पाईपचं तोंड कोणाच्या हातात राहणार ते सांगितलं नव्हतं. दादोंगला त्या बैठकीत बोलता येत नव्हतं, कारण जमीन बायकांच्या नावावर नसते, ती मुलांकडे जाते. कसायची मात्र तिनेच.

सगळ्यात खालचा मेसेज अंतराने दोनदा वाचला. कादेकने लिहिलं होतं, 'गंमत आहे. मी इथे जन्मले, तरी माझ्या नावावर चिखलसुद्धा नाही. तू टेक्सासची, आणि तुझ्या नावावर आमचं वरचं शेत.' पुढे एक हसरा चेहरा. तो चेहरा उर्वीला गेल्या काही दिवसांपासून झोपू देत नव्हता.

"मग तू काय करणार?" अंतराने विचारलं. आवाज अजून रागावलेलाच होता, पण आता तो नेमका कोणावर ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माहीत नाही," उर्वी म्हणाली.

गुरुवारी वाढदिवस झाला. आईने श्रीखंड केलं, बाबांनी केकवर अठराचा आकडा घालून आणला, आणि नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलवर उर्वीने गोड गोड मुली हसतात तसं हसून दाखवलं. शुक्रवारी ती शाळेतून आली तेव्हा बाबा लवकर घरी येऊन पुढच्या लॉनवर गुडघे टेकून बसले होते. स्प्रिंकलरचं एक तोंड वाकडं झालं होतं आणि पाणी गवतावर न पडता रस्त्यावर वाहत होतं. हे बाबांना सहन होत नसे. शहराने लॉनला पाणी घालायचे वार ठरवून दिले होते आणि सगळ्या गल्लीत ते काटेकोरपणे पाळणारा माणूस एकच होता. शेजारच्या घरी भलत्या दिवशी फवारे उडाले की बाबा खिडकीत उभे राहून हळहळत. चार वाक्यं बोलून शेवटी त्यांची गाडी तिथेच येई: "आमची जमीन टेलची होती."

उर्वीला ती गोष्ट तोंडपाठ होती. धुळ्याकडचं गाव, नदीवरचा बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट. पाटाच्या तोंडाशी देवराम अण्णांची जमीन आणि अगदी शेपटाला आजोबांची. पाणी पाळीपाळीने मिळायचं. पाळी आली की आजोबा फावडं घेऊन चारीवर जाऊन बसायचे. वरचे लोक गोणपाट आणि चिखल घालून पाणी अडवायचे, आणि खाली यायची ती नुसती ओल. "ओलीवर ज्वारी येत नाही," बाबा म्हणायचे. म्हणून ते शिकले, म्हणून पुणे, म्हणून डॅलस, म्हणून हे चार बेडरूमचं घर. त्यांच्या सगळ्या आयुष्याचं मूळ त्या न आलेल्या पाण्यात होतं आणि दिवाळीत, गणपतीत, कोणी नवा पाहुणा आला की ते त्याला हे मूळ उकरून दाखवत.

"तो पाना दे गं," बाबा म्हणाले.

उर्वीने पाना दिला. बॅग खाली ठेवली. आणि रविवारपासून मनात घोळणारं वाक्य तिच्या तोंडून एकदम साध्या आवाजात बाहेर पडलं.

"बाबा, आता आपण देवराम अण्णा झालो ना?"

बाबांचा हात थांबला. पाणी मात्र रस्त्यावर वाहत राहिलं.

"काय बोलतेस?"

"तुम्हीच मला तो ओंडका दाखवला. कुठली खाच कोणाची, सगळं. तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं की ते वरचं शेत आहे. बाकी काकांना नाही कळलं, त्यांना व्ह्यू दिसला. तुम्हाला पाणी दिसलं."

"अरुण पाईप टाकणार आहे."

"देवराम अण्णा पण म्हणाले होते पाईप टाकतो. तुम्हीच सांगता. दर दिवाळीला."

बाबा उठून उभे राहिले. गुडघ्यांवर ओल्या मातीचे दोन गोल डाग पडले होते. क्षणभर उर्वीला वाटलं की आता आवाज खाली उतरणार. पण ते तिच्याकडे बघतच नव्हते. रस्त्याच्या कडेने वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

"तो ओंडका मला आवडला," ते म्हणाले. "म्हणून वाटलं, इथेच घ्यावं. निदान एकदा तरी पाटाच्या तोंडाशी आपली जमीन असावी." मग म्हणाले, "खाली कोण आहे हे तेव्हा बघितलं नाही मी."

"मी बघितलं. माझी चप्पल तिकडेच गेली होती."

दार उघडून आई बाहेर आली. तिला हॉस्पिटलच्या लॅबमधून येऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती, अजून गळ्यात बॅज होता. "काय चाललंय दोघांचं? आणि ते पाणी बंद करा आधी, तुम्हीच नावं ठेवता लोकांना."

बाबांनी वाकून पाणी बंद केलं.

"ती म्हणतेय आपण देवराम अण्णा झालो," ते म्हणाले.

आई आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की दोघंही हसत नाहीयेत. "उर्वी, हे बघ. रविवारी तू जे केलंस त्यावरून शोभनाने मला तीन दिवस फोन केला नाही. आम्ही हे हौस म्हणून करत नाही आहोत. मागे बाबांचा जॉब गेला होता, तेव्हा तुला आम्ही कळू दिलं नाही. उद्या परत तसं झालं तर आपलं असं काहीतरी हाताशी असावं. आणि तुझ्याच नावावर करतोय ना? आमच्यात कोणी पोरीच्या नावावर काही केलं होतं का? माझ्या नावावर काय आलं माझ्या माहेरून?"

हा वार बरोबर जागी बसला. आईचा आवाज भांडणाचा नव्हता, तो खरोखर विचारत होता. माहेरच्या जमिनीवर तिघी बहिणींनी हक्क सोडून दिला होता, सही करून, वर नवी साडी घेऊन आणि भावाच्या घरचं पुरणपोळीचं जेवण जेवून. आईने ती साडी अजून कधी नेसली नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात होती.

"आई, त्यांच्याकडे पण मुलींना देत नाहीत," उर्वी म्हणाली. "कादेकला नाही मिळणार. तिची आजी एवढी वर्षं ते शेत कसते, तिला मीटिंगमध्ये बोलता येत नाही. आणि मला मिळणार. का तर आपल्याकडे टेक्सासमध्ये दोन पगार आहेत. मला नावावर काही मिळालं तर आवडेल ना. पण तुला जे मिळालं नाही ते तू मला दुसऱ्या कोणाच्या तरी आजीच्या पाण्यातून का देतेस?"

आई पायरीवर बसली. गळ्यातला बॅज काढून तिने मुठीत धरला. समोरून मागच्या गल्लीतला कुत्रेवाला माणूस गेला, त्याने हात केला, आणि तिघांनीही सवयीने हात हलवला.

"व्हिला नाही झाला तर ती पोरगी नोकरी कुठे करणार?" आई म्हणाली. "तुझी मैत्रीण. तिला चिखल नको आहे म्हणालीस ना?"

"नको आहे. तिने शोधली आहे, समुद्राकडच्या एका हॉटेलात ट्रेनिंग. तिचा काका माझ्यावर चिडेल. अंतरा तर ऑलरेडी चिडलीये. मला माहितेय मी काय करतेय."

"माहितेय?" बाबांनी विचारलं. त्या विचारण्यात चेष्टा नव्हती. "एक घर बाहेर पडलं की सगळंच मोडतं. अरुण दोन वर्षं झटतोय. तो मला काय म्हणेल, आपल्याला परत कोण बोलावेल, ह्याचा विचार केलास?"

"केला," उर्वी म्हणाली. तिच्या टाचा ओल्या गवतात रुतत होत्या, पण आवाज डिबेटच्या स्टेजवर असतो त्याहून स्थिर होता, कारण इथे समोरच्याला हरवायचं नव्हतं. "तुम्हाला त्यांना काही सांगावं लागणार नाही. मी सांगेन. पाईपचं तोंड कोणाच्या हातात राहणार, ते त्या मीटिंगला मान्य आहे का, हे मी परत विचारेन, आणि उत्तर आलं तर ऐकून घेईन."

"आणि नाही आलं तर?" आईने विचारलं.

"उद्या मी येणार आहे. गाडी मीच चालवणार. शोभनाकाकूंनी केलेलं सगळं खाणार, अंतराशेजारी बसणार, ती बोलली नाही तरी. नोटरीसमोर माझं लायसन्स ठेवणार, म्हणजे अठरा पूर्ण झाली हे त्यालाही दिसेल." उर्वीने बॅग उचलून खांद्यावर टाकली. "आणि मी सही करणार नाही. तुम्ही दोघांनी सांगितलं तरीही नाही."